एका कबुलीसाठी तळेगावपर्यंत

वडनेर

ज्यांनी आपला वर्धा जिल्हा दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेच्या टोकापर्यंत, म्हणजे वडनेरहून तळेगाव (श्यामजी पंत) पर्यंत, कधी ओलांडलेला नाही, त्यांच्या माहितीस्तव हा वृत्तान्त सादर करीत आहे. अंतर फारसे नाही. मधे काळी कपाशीची जमीन आहे, मग वर्धा शहर, मग टेकड्या आणि संत्र्याच्या बागा. पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि मी ते पाहिलेही. तथापि ज्या कामासाठी गेलो ते काम झाले नाही, आणि यापुढे ते कोणाच्याही हातून होण्यासारखे नाही, हे आरंभीच नमूद करतो.

मी अर्जनवीस आहे. हिंगणघाटच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझे टेबल असते. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले तरी माझ्या मसुद्यातील एकही शब्द बदलण्याची हिंमत आजवर कोणत्या कारकुनाने केलेली नाही. माणूस रडत येतो आणि त्याचे रडणे मी तीन परिच्छेदांत बसवून देतो. आमचे घराणे आजोबांपासून ख्रिस्ती. वडनेरच्या आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत मी पंच आहे, आणि दर रविवारी उपासनेत विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याची कबुली, मोठ्याने म्हणण्याचे काम माझ्याकडे असते, कारण माझा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत जातो.

डिसेंबर लागला तसा शांताचा फोन आला. शांता माझी धाकटी बहीण, तळेगावला दिली. तिचे यजमान वामनराव हे तिकडच्या हिंदू शेतकरी घरातले, संत्र्याच्या बागांवर राखणदारी करणारे. या माणसाने सगळा संसारभर शांताला दर रविवारी गाडीवरून आर्वीच्या चर्चला नेले, आणि उपासना संपेपर्यंत स्वतः बाहेर झाडाखाली बसून राहिला. आत ये म्हटले तर हसायचा. आता त्यांची दोन्ही फुफ्फुसे निकामी झाली होती आणि त्यांना सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवले होते.

"दादा," शांता म्हणाली, "थे आत नाई आले कधी. आता तरी त्यायनं आपल्या तोंडानं म्हणाले पाह्यजे. मले त्यायच्या बाजूलेच निजाचं हाये."

तिचे म्हणणे वाचकांना समजावे म्हणून खुलासा करतो. आर्वीच्या ख्रिस्ती कबरस्तानात तिने आपल्यासाठी जागा पाहून ठेवलेली आहे. शेजारी नवऱ्याला जागा मिळायची तर त्याचा बाप्तिस्मा झाला पाहिजे. तिथल्या चर्चचे पाळकसाहेब खाटेवरही बाप्तिस्मा द्यायला तयार होते. परंतु येशू कोण आहे, हे त्या माणसाने स्वतः सांगितल्यावाचून नाही. आणि शांताच्या दृष्टीने प्रश्न नुसत्या जागेचा नव्हता. न म्हणता गेलेला माणूस पुढे कुठे जातो, याविषयी लहानपणी आम्ही दोघांनी एकाच सतरंजीवर बसून ऐकलेले होते.

"तुले शब्द येतात," ती म्हणाली. "तू म्हणवून घेजो त्यायच्याकून."

या कामास माझ्याइतका योग्य इसम आमच्या नात्यात दुसरा नाही, हे मलाही पटले. मी धुतलेला सदरा घातला आणि निघालो.

सावंगी (मेघे)

सावंगीला उतरणाऱ्याला प्रथम पांढरे कोट दिसतात. विशीतली मुले-मुली गळ्यात नळ्या अडकवून चहाच्या टपऱ्यांवर उभी असतात, आणि त्यांच्या पलीकडे, हिरवळीच्या कडेला, यवतमाळ-चंद्रपूरकडची माणसे डबे उघडून बसलेली असतात. आमच्या कचेरीसमोर प्रत्येकजण आपले गाऱ्हाणे शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. इथे सगळे कुजबुजतात. आजार ही जणू शेजाऱ्याची वस्तू आहे आणि ती आपल्याकडे तात्पुरती ठेवलेली आहे.

भूक लागली होती म्हणून एका गाडीवर आलूबोंडा घेतला. त्यावर ओतलेली तर्री इतकी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पुसताना वाटी कलंडून पांढऱ्या सदऱ्यावर पोटापाशी भला मोठा लाल डाग पडला. मृत्यूच्या दारातील माणसासमोर अशा वेषात जावे लागणार, याचे मला फार वाईट वाटले.

आत जाऊन मी "तळेगावचे वामनराव" अशी चौकशी केली. एका मावशीने बोट दाखवलेल्या खाटेवर एक इसम तोंडावर पांघरूण घेऊन पडला होता. मी स्टुलावर बसलो, डागावर पिशवी धरली, आणि वाटेत मनाशी जुळवून आणलेले भाषण सुरू केले. आपण अशा उंबरठ्यावर उभे आहात की जिथून मागे वळता येत नाही, तेव्हा येशू कोण आहे या प्रश्नाचा विचार आपण आता गांभीर्याने करावा, वगैरे. बरेच बोलून झाल्यावर पांघरूण खाली सरकले. आत जाड मिशांचा एक अनोळखी म्हातारा होता.

"येशू म्हणजे बँडवाला ना, आमच्या शेजारच्या गावचा?" तो म्हणाला. "थो तं मेला जी मागच्या साली."

तो निराळा, असे मी म्हणालो. मग दुसरा कोणता, असे त्याने आस्थेने विचारले. हा तळेगाव (टालाटुले) येथील वामनराव होता. जिल्ह्यात तळेगावे दोन आहेत म्हणून पत्त्यात कंस टाळू नये, असे मी प्रत्येक अर्जदाराला बजावत असतो, आणि स्वतः तोंडी चौकशी करताना मीच कंस गाळला होता. म्हाताऱ्याने राग धरला नाही. बसा जी, म्हणाला, सकाळपासून कोणी आलं नाई. परंतु मला थांबता येण्यासारखे नव्हते. आमच्या वामनरावांना डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगून झाले होते, आणि घरच्यांनी त्यांना त्याच सकाळी घरी नेले होते. शांताच्या फोनची बॅटरी संपलेली असावी. तो लागत नव्हता.

दरवाजापर्यंत गेल्यावर मी मागे पाहिले. म्हातारा उत्तराची वाट पाहिल्यासारखा माझ्याकडेच पाहत होता.

आर्वी

वर्धा सोडून आर्वीकडे निघाले की काही वेळ कपाशी सोबत करते. बोंडे फुटून शेते पांढरी झाली होती आणि बायका ओट्या बांधून वेचणीला लागल्या होत्या. मग जमीन हळूहळू उंच होते, सागाची झाडे दिसू लागतात. एका फाट्यावर काही आदिवासी बाया झाडूंच्या मोळ्या घेऊन गाडीत चढल्या आणि आपसांत त्यांच्या भाषेत बोलून हसू लागल्या. मला एक अक्षर कळले नाही. एवढे मात्र कळले की हसणे माझ्या सदऱ्यावरील डागावरून चालले होते.

आर्वीला मी आधी पाळकसाहेबांना भेटलो. वयाने माझ्या थोरल्या मुलाएवढे, बोलायला मऊ. त्यांनी चहा दिला. मी माझे कार्य आणि पद सांगून विचारले की वामनरावांच्या तोंडून नेमके कोणते शब्द आले म्हणजे आपले समाधान होईल.

ते म्हणाले की प्रभूनेदेखील 'मी कोण' हा प्रश्न आपल्या माणसांना चालता चालता, वाटेतच विचारला होता. आधी विचारले, लोक मला कोण समजतात. मग विचारले, तुम्ही कोण समजता. "पहिल्याचं उत्तर मला सगळं गाव देईल, मनोहरराव. मला वामनरावांचं दुसरं उत्तर हवंय."

हे मला फार कठीण वाटले नाही. लोकांची उत्तरे त्यांच्याच तोंडून, परंतु योग्य भाषेत काढून घेणे, हाच माझा व्यवसाय आहे.

निघण्यापूर्वी त्यांनी मला कबरस्तानात नेले. शांताने पाहून ठेवलेली जागा भिंतीलगत, सीताफळाच्या झाडाजवळ आहे. दोन माणसे शेजारी मावतील एवढीच. वडनेरला आमच्याकडे कबरींवर चुना देतात आणि नाव कोरतात. इथे पुष्कळ कबरींवर नुसती दगडांची रांग होती आणि कोणाची कोणती हे ज्याच्या त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. मी त्या मोकळ्या जागेवर उभा राहिलो. वामनराव माझ्यापेक्षा उंच आहेत. पाय भिंतीला लागतील की काय, असा विचार मनात आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

तळेगाव (श्यामजी पंत)

तळेगाव मोठे आहे, बाजार आहे, आणि थंडीत सगळ्या गावाला संत्र्यांच्या सालीचा वास येतो. शांताचे घर बागांकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. नाताळ जवळ आल्यामुळे तिने दारावर कागदी तारा टांगला होता आणि त्यातला दिवा दिवसाही चालू राहिला होता.

वामनराव ओसरीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. झोपले की श्वास कोंडतो, म्हणून बसवून ठेवायचे. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ते मला साळेबुवा म्हणतात आणि मी त्यांना जवाईबापू. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे मान देतात आणि बायकोच्या भावाची तिकडे थट्टा करतात, असा हा एकूण व्यवहार आहे.

"साळेबुवा," ते म्हणाले, "पोटात गोळी घातली का कोणं?"

डागाची हकिकत सांगितली. दुसऱ्या वामनरावाचीही सांगितली. ते इतके हसले की खोकल्याने कासावीस झाले, आणि शांता माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की जणू मी त्यांना मारायलाच आलो होतो.

या घराची एक रीत आहे. कोणीही आले की संत्रे सोलून अर्धे पाहुण्याच्या हातावर ठेवायचे आणि अर्धे घरच्या माणसाने खायचे. आमच्याकडे पाहुण्याला गुळपाणी देतात, परंतु त्याच्याबरोबर कोणी खात नाही. वामनरावांनी स्वतः सोलले. साल एकसंध निघाली. आपल्या अर्ध्यातील एक फोड त्यांनी तोंडात धरून ठेवली. गिळणे होत नव्हते.

शांता स्वयंपाकाला आत गेल्यावर मी खुर्ची पुढे ओढून विषयाला हात घातला. सावंगीत चुकीच्या माणसापुढे का होईना, भाषणाचा सराव झालेला होता. वामनरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "तू सांग पयले. कोण हाये थो?"

मी सांगितले. जिवंत देवाचा एकुलता एक पुत्र, जगाचा तारणारा, अभिषिक्त राजा, पापी मनुष्य आणि पवित्र पिता यांमधील एकमेव मध्यस्थ. मी न अडखळता सांगितले.

"एवढ्या पदव्या तं तू तहसीलदारालेबी नाई लिहत," वामनराव म्हणाले. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागला. "मी थे नाई विचारलं. तुह्या कोण लागते थो? मी तुह्या भाटवा लागतो. शांता बहीण लागते. तसा थो कोण लागते?"

वाचकहो, या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मी मध्यस्थ हाच मुद्दा उलगडून सांगू लागलो. आपले म्हणणे वर पोचवायला जसा एक जाणकार माणूस लागतो, आपल्याला मांडता येत नाही ते तो आपल्या वतीने मांडतो, तसा.

"म्हणजे तुह्यासारखा."

एका अर्थी, असे मी म्हणालो.

"मंग अवघड हाये," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. ओठांवर हसू राहिले होते.

जेवायला शांताने भाकर, वांग्याची भाजी आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेले वरण केले होते. आर्वी-आष्टीकडचे वांगे आमच्यापेक्षा चवीला गोड असते. मी जेवलो, तिने घास मोडून तसाच ठेवला. विचारत होती की म्हणाले का. मी म्हणालो, प्रकरण सुनावणीच्या टप्प्यावर आहे.

दुसरा दिवस

सकाळी थंडी होती. वामनरावांचे थोरले भाऊ किसनभाऊ येऊन खाटेजवळ शेकोटी पेटवून गेले. कमी बोलणारा, कष्टाळू माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढेच म्हटले की शांताचे मन त्यांना मोडायचे नाही. वामनने तसे म्हटले तर आनंदाने आर्वीला घेऊन जा, आणि नाही म्हटले तर तो त्यांचा आहे, त्यांच्या आईबापाजवळ नदीवर जाईल. हे न्याय्य होते. मी तसे त्यांना सांगितलेही.

दुपारी ओसरीत आम्ही दोघेच होतो. शांता पाणी भरायला गेली होती. वामनराव सकाळपेक्षा बरे वाटत होते. मी ठरवले की आता आडवळण नको. मी म्हणालो, "जवाईबापू, लांबलचक काही नको. येशू प्रभू आहे, एवढे फक्त कबूल करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. थट्टा त्या चेहऱ्यावरून अशी गेली की पुन्हा आली नाही.

"थो शब्द नको घेऊ," ते म्हणाले.

कोणता, मी विचारले. मला वाटले, प्रभू.

मग जे त्यांनी सांगितले ते थांबत थांबत, मधे मधे वाटेकडे पाहत सांगितले. लग्नापूर्वी ते नदीपलीकडच्या एका बागेवर राखणीला होते. विहिरीवरची मोटर चोरीला गेली. त्यांना ठाण्यात नेले. उजाडले की कबूल कर, मावळले की कबूल कर. काय काय केले ते त्यांनी सांगितले नाही. शेवटी त्यांनी कबूल केले. पुढे मोटर मालकाच्या भाच्याकडेच सापडली, आणि यांना सोडले. परंतु मधल्या काळात त्यांच्या वडिलांनी बाजारात जाणे सोडले होते, ते सोडलेच.

"शांता म्हणते, कबूल करा. थो पोट्टा पाळक म्हणते, कबूल करा. चर्चमंदी बी सारे उभे राहून तेच म्हणून राह्यले, बाहेर आयकू येते मले. म्हणून मी आत नाई गेलो." त्यांनी माझे मनगट धरले. हात गरम होता. "जे केलं नव्हतं थे म्या एकडाव कबूल केलं, मनोहर. आता जे हाये थे बी कबूल नाई करत."

मी ताबडतोब विचारले, "म्हणजे आहे, असे आपले म्हणणे आहे काय?"

"झाली तुही उलटतपासणी सुरू," ते म्हणाले आणि मनगट सोडले.

या ठिकाणी मला काय सुचले ते स्पष्ट लिहितो. मला सुचले की शब्द बदलता येईल. मानतो म्हणा, ओळखतो म्हणा, नुसते 'माझा आहे' म्हणा. परंतु उपासनेत जो शब्द पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे तो नववी शिकलेल्या माणसाने आपल्या अधिकारात बदलावा, हे मला योग्य वाटले नाही. मसुदा कितीही चांगला असो, वरून मंजुरी घ्यावी लागते. मी अंगणात जाऊन पाळकसाहेबांना फोन लावला. ते कोणत्या तरी प्रार्थनेत असावेत, उचलत नव्हते. मी पेरूखाली उभा राहून पुन्हा पुन्हा लावत राहिलो. संत्र्याने भरलेली एक गाडी वाटेवरून गेली, तिच्यामागे एक गाय सालीच्या आशेने चालली होती. उद्या सकाळी स्वतः आर्वीला जाऊन विचारून येतो, असे मी ठरवले.

आतून शांताची हाक आली. ती पाण्याची घागर उंबऱ्यातच टाकून खाटेकडे धावली होती.

वामनराव श्वास घेत होते, परंतु तो कुठे आतवर जात नव्हता. डोळे उघडे होते आणि आम्हाला पाहत होते, असे मी खात्रीने सांगू शकतो. शांता त्यांची छाती चोळत माझ्याकडे वळली आणि ओरडली की विचार, दादा, विचार.

मी खाली वाकलो. माझी सगळी भाषा कुठे गेली ते ठाऊक नाही. "जवाईबापू," मी म्हणालो, "तुमाले जसं म्हणाचं असन तसं म्हणा. थो शब्द नको. कोणताबी म्हणा. कोण लागते तुमचा, थेवढं सांगा."

त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. संत्र्याचा वास आला. त्याखेरीज काही आले नाही.

अंगण

सकाळी अंगणात माणसे जमली. एका बाजूला किसनभाऊ आणि त्यांचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला आर्वीहून आलेले पाळकसाहेब आणि मंडळीतील काही बाया. भांडण कोणालाही नको होते. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण शेवटी वामनरावांशी बोलणारा मीच होतो. शांता खांबाला टेकून बसली होती.

पाळकसाहेब म्हणाले की मी कोणाच्या मनाचा न्याय करायला आलो नाही, मला फक्त सांगा, ते काही म्हणाले का. किसनभाऊ म्हणाले, "तुमी म्हणसान थे आमाले मंजूर."

मी उभा राहिलो. 'जे हाये थे बी कबूल नाई करत' हे वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर फिरत होते. त्याचे दोन अर्थ निघतात. एका अर्थाने त्या माणसाने सगळे मान्य केले होते. दुसऱ्या अर्थाने साफ नाकारले होते. ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात ते मी कधी कागदावर येऊ देत नाही. तसा अर्ज परत येतो. आणि माझ्या शब्दावर एक माणूस कोणत्या मातीत जाणार हे ठरणार होते. मी आयुष्यात खोटी साक्ष लिहिलेली नाही.

मी म्हणालो, "मयताने माझ्या समक्ष येशूला कबूल केलेले नाही."

किसनभाऊंनी मान खाली घातली. बायांपैकी कोणीतरी तोंडाला पदर लावला. शांता उठून माझ्यासमोर आली. रडत नव्हती. तिने माझा सदरा, डागापाशी, मुठीत धरला.

"साऱ्या जगाचे शब्द बदलवतं तू, दादा," ती म्हणाली. "माह्यासाठी तुले एक शब्द नाई बदलवता आला?"

ती कोणत्या शब्दाविषयी बोलत होती, साक्षीतल्या की आदल्या दुपारच्या, हे मी विचारले नाही.

त्यांना नदीवर नेले. किसनभाऊंनी सगळे रीतीप्रमाणे केले आणि पाळकसाहेबांनाही जवळ उभे राहू दिले. आमच्यात मातीची मूठ टाकतात आणि माणूस तिथे आहे असे वाटत राहते. इथे पाहता पाहता काही राहत नाही.

परत येताना पाळकसाहेब माझ्याबरोबर चालत होते. मला मोकळे व्हावेसे वाटले म्हणून मी त्यांना ठाण्याची हकिकत सांगितली, आणि वामनरावांचे ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. ते रस्त्यातच थांबले.

"हे तुम्ही अंगणात का नाही सांगितलंत?"

वाक्य संदिग्ध होते, मी म्हणालो. आणि दुसरा शब्द चालेल का, हे विचारायला मी आपणास फोन करीत होतो.

त्यांनी मागे वळून नदीकडे पाहिले. मग म्हणाले, "कोणताही शब्द चालला असता, मनोहरराव. आणि मला तर तेवढं वाक्यही पुरलं असतं." आमच्या मागे नदीवरचा धूर अजून वर जात होता.

परत

परतीच्या गाडीत शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीने माझा चेहरा पाहून विचारले की कोणी गेले का. मी हो म्हणालो. कोण लागत होते, तिने विचारले. भाटवा, मी म्हणालो. हे उत्तर चटकन आले. खिडकीबाहेर टेकड्या संपून कपाशी सुरू झाली होती, आणि तो माझा कोण लागतो, असे वामनरावांनी ज्याच्याविषयी विचारले होते, त्याच्याविषयी मी तसेच उत्तर शोधत होतो. बाप, भाऊ, मित्र, धनी, सगळे एकेक करून लावून पाहिले. प्रत्येक नाते मला माहीत होते, आणि एकही माझे नव्हते. वर्धेला म्हातारी उतरली. मी हिंगणघाटपर्यंत शोधत होतो.

शांताला ते वाक्य सांगायचे आहे. रोज फोन करतो. एकदा किसनभाऊंनी उचलला आणि निरोप दिला, "शांता म्हणते, दादा सुखरूप पोचला का थेवढं विचारा. बाकी काई बोलाचं नाई." सांगून तरी काय होईल, हेही कळत नाही. सीताफळाजवळची अर्धी जागा रिकामीच राहणार आहे. तिचा नवरा तिच्या मते जिथे आहे, तिथून कोणाला परत आणता येत नाही, आणि तो तिथे नाही असे तिला सांगण्याइतका मी स्वतः कशावर उभा आहे, हे मला आता सांगता येत नाही. रविवारी मी अंगीकार म्हणायला उभा राहतो. आवाज अजून शेवटच्या सतरंजीपर्यंत जातो.

परवा टेबलावर वडनेरकडचाच एक म्हातारा आला. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद भावाशी मिटला होता आणि तसे लिहून हवे होते. मी लिहीत गेलो आणि शेवटच्या ओळीशी थांबलो. त्याला विचारले की इथे मान्य लिहू, मंजूर लिहू, की कबूल.

त्याला प्रश्नच कळला नाही. "काईबी लिहा ना जी," तो म्हणाला. "शब्दानं काय होते."

मी कबूल असे लिहिले आणि खाली त्याचा अंगठा घेतला.